उघडा पत्रा

तिला सगळे ठिणगी म्हणत. लहानपणी बापाच्या गॅरेजमध्ये खेळताना तिने बॅटरीच्या दोन टोकांवर एक लोखंडी पाना आडवा ठेवून पाहिला होता. मोठा जाळ उडाला, दोन्ही भुवया जळाल्या, आणि रडायचं सोडून पोरगी म्हणाली, "परत करू?" ही पोर आता गॅरेज काही सोडत नाही, हे बापाने त्याच दिवशी ओळखलं. भुवया पुढे उगवल्या, नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच.

आता ती पन्नाशीला आली होती. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, लेक आपल्या संसारात रमली होती, आणि ठिणगी अजून त्याच गॅरेजमध्ये गाड्यांच्या वायरी सोडवत होती. तिचं खास काम मात्र गॅरेजबाहेरचं. वाटेत कुणाची गाडी बंद पडली की तो माणूस आधी देवाचा धावा करी आणि मग ठिणगीला फोन लावी. देवाकडे पाना नसल्यामुळे काम शेवटी तिच्याकडेच येई. ती पिशवी खांद्याला अडकवून निघे, बॉनेट उघडे आणि मालक काही सांगायच्या आत विचारी, "अर्थिंग बघितलंत का?"

मालकाने अर्थातच बघितलेलं नसे. मग त्याला उभ्या उभ्या एक शिकवणी मिळे. बॅटरीतून करंट जातो तो वायरीने, पण परत येतो तो गाडीच्या अंगावरून, इंजिनावरून, पत्र्यावरून. बॅटरीची निगेटिव्ह केबल जिथे पत्र्याला बोल्टने आवळलेली असते ते अर्थिंग. तिथे गंज असेल, रंग असेल, बोल्ट सैल असेल, तर करंट घराबाहेर पडतो पण घरी पोचत नाही. "जाणाऱ्याची सोय सगळे करतात," ती म्हणे, "येणाऱ्याची वाट कुणी झाडत नाही." हे वाक्य तिने इतक्या लोकांना ऐकवलं होतं की समोरचा टायरवाला तिच्या आधीच ते पूर्ण करायचा.

गॅरेजचा दुसरा अर्धा भाग धाकट्या भावाचा. तो डेंटिंग-पेंटिंग करी आणि त्याला सगळे पॉलिश म्हणत. गाडीचा पोचा असा काढायचा की मालकालाच शंका यावी, गाडी ठोकली होती की आपल्याला स्वप्न पडलं होतं. बापाने मरताना दोघांना गॅरेज दिलं आणि पॉलिशला एक नियम दिला: उघडा पत्रा वस्तीला ठेवायचा नाही. रात्रभरात हवा लागते, ओल धरते, सकाळी गंज हसत बसलेला असतो. म्हणून दुकान बंद करताना पॉलिश रोज लाल प्रायमरचा डबा आणि बोटाएवढा ब्रश घेऊन सगळ्या गाड्यांभोवती फिरे, आणि जिथे पत्रा चमकताना दिसे तिथे हात मारी. कुणाची गाडी, कुणाचं काम, तो बघत नसे.

यावरून बहीणभावाची भांडणं ठरलेली. ठिणगीने अर्थिंगसाठी पत्रा घासून लख्ख करावा, केबल उद्या बसवू म्हणून घरी जावं, आणि सकाळी येऊन बघावं तर तिथे लाल टिळा. मग ती शिव्या देत परत खरवडणार आणि तो लांबून म्हणणार, "बाबांचा नियम आहे, माझा नाही." पण या भांडणात मजा होती. दोघांच्याही दिवसाची सुरुवात त्याशिवाय होत नसे.

मग तो अपघात झाला. ठिणगी रस्त्याच्या कडेला एका बंद पडलेल्या टेम्पोच्या बॉनेटमध्ये वाकलेली असताना मागून एक गाडी घसरत आली. जीव वाचला, पण उजवा पाय गुडघ्याखाली जो बधिर झाला तो झालाच. कुबडी आली. उजव्या पायाने ब्रेक दाबायचा म्हटलं तर पाय ब्रेकवर आहे की ॲक्सिलरेटरवर, हेच तिला कळेना. गाडी चालवणं संपलं, आणि गाडीशिवाय लांबच्या बंद गाड्यांपर्यंत जाणार कसं?

आई म्हणाली, "पुष्कळ केलंस. आता मामाच्या दुकानात काउंटरवर बस. सुटे भाग विकायचे, पंखा आहे, खुर्ची आहे."

पॉलिशचं मतही आईच्याच बाजूने होतं, हे त्याच्या वागण्यावरून दिसत होतं. तो तिच्या हातातून पाना पडायच्या आत खाली वाकायचा. ती उठायच्या आत कुबडी पुढे करायचा. गिऱ्हाइकाने तिला काही विचारलं की उत्तर हा देई. आणि सर्वात वाईट म्हणजे त्याने भांडणं बंद केली. तिने घासलेल्या पत्र्यावर आता लाल टिळा नसे. ठिणगीला वाटलं, चला, एवढं तरी सुधारला. पण सकाळी शिव्या द्यायला काही नाही, याची तिला चुटपुट लागून राही, आणि भावाच्या त्या मऊ मऊ वागण्याचा तिला इतका राग येई की एकदा तिने मुद्दाम पाना लांब फेकला आणि स्वतः जाऊन उचलून आणला.

काउंटरवर ती बसणार नव्हती. तिने बापाची जुनी गाडी बाहेर काढली आणि ठरवलं, ब्रेक आणि ॲक्सिलरेटर हाताने चालतील असा दांडा बसवायचा. डावा पाय क्लचसाठी धडधाकट होता. अडचण एकच: हाताच्या ब्रेकला जोर देणारा एक डबा बॉनेटमध्ये बसवायचा होता, आणि बॉनेटमध्ये जागा होती ती फक्त बॅटरीची.

"मग बॅटरी डिकीत," ती म्हणाली.

"डिकीत?" आई घाबरली. "स्टेपनीच्या शेजारी?"

"स्टेपनीला चावणार नाही ती."

काम तिने एकटीने केलं. गॅस बाहेर न सोडणारी बंद बॅटरी आणली, डिकीत लोखंडी पट्ट्यांनी अशी बांधली की गाडी उलटली तरी बॅटरी जागची हलणार नाही. जाडजूड पॉझिटिव्ह केबल सीटखालून पुढे नेली, बॅटरीजवळच फ्यूज घातला, पत्र्यातून केबल जाते त्या प्रत्येक भोकाला रबराची कडी लावली. इंजिनापासून बॉडीपर्यंत नवी जाड पट्टी टाकली. आणि डिकीच्या तळाशी, जिथे पत्रा दुहेरी आहे, तिथे कानशीने घासून घासून असा पत्रा काढला की त्यात तोंड दिसावं. दुसऱ्या दिवशी तिथे केबलच्या टोकाची तांब्याची चकती ठेवून तिने बोल्ट आवळला.

टायरवाला बघत उभा होता. म्हणाला, "दातेरी वायसर नाही घातलंस? ते पत्र्याला चावून धरतं."

"ज्याला पत्रा घासता येत नाही त्याने दातेरी वायसर घालावं," ठिणगी म्हणाली.

आता अशी गाडी रस्त्यावर आणायची तर आधी तपासणी करून घ्यावी लागते. तपासणीच्या दिवशी गाडीने सेल्फ मारताच आवाज दिला, जरा कुरकुरत, पण दिला. पॉलिश शेजारी बसला होता. दांडा हातात घेऊन ठिणगी मैदानापर्यंत गेली, वळली, थांबली, चढावर उभी केली. तपासणारे साहेब शांत माणूस होते. त्यांनी सगळं बघितलं, मान हलवली आणि म्हणाले, "छान. आता बंद करा आणि पुन्हा चालू करा."

तिने किल्ली फिरवली. कट्. पुन्हा फिरवली. कट्. डॅशबोर्डवरचे दिवे झोपल्यासारखे मिटले.

"बाई," साहेब म्हणाले, "भर चौकात बंद पडली तर काय कराल? माझी काही हरकत नाही, पुढची तारीख घ्या."

परत येताना पॉलिशने कुणाची तरी जीप आणली, जाड दोर बांधला आणि तिची गाडी ओढत नेली. ज्या रस्त्याने तिने आयुष्यभर लोकांच्या गाड्या सोडवल्या त्याच रस्त्याने ठिणगी दोराच्या टोकाला, स्टिअरिंग धरून, नाकासमोर बघत आली. टायरवाला नेमका तेव्हाच टायर मोजायला आत गेला, आणि त्याच्या या चांगुलपणाने तिला जास्तच लागलं.

घरी आई पाणी घेऊन उभी होती. "मामाला कळवू का?"

"पुढच्या खेपेलाही बंद पडली," ठिणगी म्हणाली, "तर मी स्वतः फोन करून मामाला हो म्हणेन. आणि मग परत गाडीचं नाव काढणार नाही. पण तोवर मला कुणी काही सांगू नका." ती बोलली की बोलली, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. पॉलिशने दोराची गुंडाळी केली आणि खाली मान घालून आत गेला.

मग सुरू झाला चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायचा कार्यक्रम. तिने स्टार्टर काढला, त्याचे कार्बन बदलले. स्टार्टर बिचारा निर्दोष होता. बॅटरी तपासून आणली, ठणठणीत निघाली. पॉझिटिव्ह केबल उपटून आणखी जाड घातली. बॅटरी चार्जरवरून नुकतीच काढलेली असली की गाडी एकदा चालू होई, पुन्हा विचारलं की कट्. टायरवाल्याने आपलं मत दिलं, "बॅटरी मागे, इंजिन पुढे. एवढ्या लांब करंट चालत येणार म्हणजे रस्त्यात दमत असेल." ठिणगी त्याच्यावर हसली नाही, कारण तिच्याजवळही याहून शहाणं काही नव्हतं.

अर्थिंग तिने बघितलं नाही असं नाही. डिकी उघडून नजर टाकली होती. चकतीच्या कडेने पत्रा आरशासारखा चमकत होता. स्वतःच्या हाताने घासलेला. तिथे पुन्हा काय बघायचं? लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ते हे असं होतं.

तारीख जवळ आली तशी ती गप्प होत गेली. एका सकाळी गॅरेजमध्ये आली, गाडीसमोर उभी राहिली, आणि भीती वाटली. काउंटरच्या मागची ती खुर्ची तिला अगदी स्पष्ट दिसली, वर फिरणारा पंखासुद्धा. मग तिला स्वतःचाच राग आला. ती मनाशी म्हणाली, समज ही गाडी माझी नाही. समज मला फोन आलाय, कुणी अनोळखी बाई रस्त्यावर अडकली आहे. तिला मी काय विचारलं असतं?

"पॉलिश!" तिने हाक मारली. "स्टिअरिंगवर बस. मी सांगेन तेव्हा सेल्फ मार."

तिने बापाचा जुना काट्याचा मीटर घेतला आणि डिकीमागे स्टुलावर बसली. मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं लांब वायर जोडून थेट इंजिनाला लावलं. परतीची वाट स्वच्छ असेल तर सेल्फ मारताना काटा जेमतेम थरथरतो.

"मार!"

कट्. काट्याने उडी मारली ती अर्ध्या तबकडीपर्यंत. चूक परतीच्या वाटेवर होती.

तिने इंजिनाकडचं टोक काढून बॉडीला लावलं. "मार!" काट्याची उडी तेवढीच. म्हणजे पुढची पट्टी चांगली. मग एक टोक चकतीवर, दुसरं चकतीच्या शेजारी बोटभर अंतरावर, पत्र्यात टोचून. "मार!" उडी. एवढ्याशा जागेत सगळा करंट अडकत होता. तिने बोल्टला बोट लावलं आणि झटकन मागे घेतलं. बोल्ट तापला होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

तिने बॅटरीची निगेटिव्ह सोडली, मग बोल्ट काढला, चकती उचलली. खाली पत्रा लख्ख, गंजाचा ठिपका नाही. मग तिने नख लावलं. नखाखाली काहीतरी सुटलं. चाकूचं टोक घातलं तसा एक पापुद्रा वळत वर आला, पाण्यासारखा स्वच्छ, कांद्याच्या सालीहून पातळ. बिनरंगाचं लॅकर, गाडीच्या रंगावर शेवटी मारतात ते. त्यावर चकती बसली होती, आणि करंट बिचारा बोल्टच्या आट्यांमधून जमेल तेवढा गळत होता. दिव्यांना तेवढा पुरत होता, स्टार्टरला कुठून पुरणार?

"पॉलिश," ती हळू म्हणाली. "इकडे ये."

तो आला. पापुद्रा बघितला. त्याचा चेहरा पडला.

"उघडा राहिला होता गं वस्तीला," तो म्हणाला. "बाबांचा नियम."

"लाल का नाही लावलास? दिसला असता मला!"

"दिसला असता म्हणूनच." तो ब्रशने डाग पडलेल्या आपल्या बोटांकडे बघत होता. "लाल लावला असता तर तू परत खरवडत बसली असतीस. वाकून. तो पाय घेऊन. म्हटलं, बिनरंगाचं लावू, गंजही नको आणि तुला त्रासही नको."

"आणि करंट? करंट कुठून जाणार होता?"

"काचेसारखं आहे ना ते. उजेड जातो त्यातून." तो अडखळला. "मला वाटलं, करंटही जाईल."

ठिणगीला हसू आलं, पण ती हसली नाही. एवढ्या वर्षांच्या दुकानात, तिच्या शिकवण्या रोज कानावर पडूनही हा माणूस असं समजत होता! पण राग आला तो लॅकरचा नव्हता.

"अपघात झाल्यापासून माझ्या सगळ्या कामांवर हेच लावतोयस ना?"

त्याने मान डोलावली. बाकीच्या गाड्यांत तिने दिव्या-हॉर्नचंच अर्थिंग केलं होतं, म्हणून तेवढ्याला आट्यांमधून गळणारा करंट पुरला होता.

"मला वाटलं होतं सुधारलास. अरे, मी भांडायला धडधाकट होते तेव्हा तू मला दिसेल असं करायचास. आता माझ्या पाठीमागे करतोस, मला बरं वाटावं म्हणून. मला बरं नाही वाटत. मला तो लाल टिळा हवा होता. मी खरवडला असता. वाकून, बसून, लोळून, कसाही. पण माझी मी खरवडला असता आणि गाडी चालू झाली असती."

पॉलिशच्या डोळ्यांत पाणी आलं. "त्या दिवशी मीच तुला फोन दिला होता, ताई. टेम्पोवाल्याचा. मी म्हणू शकलो असतो की ताई घरी नाही."

हे त्याने आजवर कुणाजवळ काढलं नव्हतं. ठिणगीने कानस उचलली.

"टेम्पोचं अर्थिंग सैल होतं," ती म्हणाली. "मीच जायला हवं होतं तिथे. सरक, उजेड अडवू नकोस."

तिने पत्रा पुन्हा घासला. यावेळी टायरवाल्याला हाक मारून म्हणाली, "दे रे तुझं ते दातेरी वायसर," आणि तो हातातलं काम टाकून वायसर घेऊन आला, वर एक शब्द बोलला नाही, फक्त घरी गेल्यावर बायकोला चारचारदा सांगितलं. चकती बसली, बोल्ट आवळला, केबल जोडली. पॉलिशने सेल्फ मारला. इंजिन असं उठलं की भिंतीवरचे खिळ्याला टांगलेले पाने खुळखुळले. बंद, चालू. बंद, चालू. मीटरचा काटा जागचा हलेना.

मग तिने पॉलिशच्या हातात ब्रश दिला. "आता लाव. आवळून झाल्यावर वरून लावायचं असतं, ओल शिरू नये म्हणून. आतून नाही, वरून. कळलं? आणि लाल."

त्याने टिळा इतक्या जपून लावला की कपाळावर लावतात तसा दिसला.

तपासणीच्या दिवशी साहेबांनी तिला ओळखलं. मैदानाला वळसा, थांबा, चढ, सगळं झालं. "आता बंद करा आणि चालू करा," ते म्हणाले. तिने केली. "पुन्हा." तिने केली. तिसऱ्यांदा तिने त्यांनी न सांगताच केली आणि साहेब हसून म्हणाले, "पुरे, बाई. पटलं." कागदावर शिक्का पडला.

पॉलिश फाटकाशी थांबला होता. तिने त्याला आत येऊच दिलं नव्हतं. तो धावत आला तेव्हा ती पिशवी ठेवायला डिकी उघडत होती. बॅटरीच्या शेजारी, फडक्याखाली नीट झाकून, तो जाड दोर ठेवलेला होता. गुंडाळी करून, दोन्ही टोकांना हूक लावून.

दोघांनीही दोराकडे बघितलं. पॉलिश तोंड उघडणार तेवढ्यात तिचा फोन वाजला.

"कुठे? पुलाच्या अलीकडे? दिवे लागतात आणि सेल्फ मारला की कट् म्हणते?" तिच्या आवाजात बऱ्याच महिन्यांनी जुनी धार आली. "हात लावू नका कशाला. आलेच मी."

तिने दोर उचलला आणि पॉलिशच्या खांद्यावर टाकला.

"मीही येतो," तो दरवाजाकडे सरकत म्हणाला. "एकटी कशी..."

"तू चालत घरी जा. आईला सांग, मामाला नाही म्हणून कळव."

तो बाजूला झाला. किल्ली फिरली, गाडी पहिल्याच फटक्याला उठली. पॉलिश खांद्यावर दोर घेऊन रस्त्याच्या मधोमध उभा राहिला, आणि बहिणीची गाडी वळणावर दिसेनाशी झाल्यावरही बराच वेळ तिथून हलला नाही. मागून एकाने हॉर्न वाजवून विचारलं, "काय हो, कुणाची ओढायची आहे?"

"कुणाची नाही," पॉलिश म्हणाला, आणि दोर सावरत घराकडे चालू लागला.